रोजच्या लहानसहान गोष्टी बघून तुम्ही आयुष्याचा कोणता धडा शिकलात? अशी नजर कशी तयार करावी?

मुंगीकडून चिकाटी शिका, झाडाकडून देणं शिका, नदीकडून वाहत राहणं शिका, हे शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून दहा वर्षं वाचलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मुंगी साखरेकडे जाते कारण तिला साखर हवी असते. तिची चिकाटी आपण मनाने ठरवलेली असते. शिकायचंच असेल तर माणसांचे हात बघावेत, आणि तेही त्या हातात दुसऱ्याचे पाच-दहा रुपये असताना.

प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण मी एसटी कंडक्टरची मुलगी आहे आणि गेली बावीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसते. लहान रकमांवरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे शेतावरून झाले नाहीत.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे धावली, हे त्यांना जन्मतारखेसारखं पाठ. दर १ जूनला गाडीला हार घालायला ते ड्युटी नसली तरी जायचे. तिकिटांची मशीन तेव्हा नव्हती. ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच. पंचाची टिकटिक ऐकली की गाडीच्या मागच्या टोकाची माणसंसुद्धा खिशात हात घालायची. आणि सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी रक्कम लिहून तिच्याभोवती गोल. हा गोल ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं लगेच कळेल.

१९९१ ची दिवाळीची सुट्टी. मी दहा वर्षांची. अण्णांची कोयना खोऱ्यातल्या एका गावाची मुक्कामी गाडी होती आणि मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. टोपल्या, कोंबड्या, रॉकेलचे डबे. संध्याकाळी सातच्या सुमारास गाडी शेवटच्या गावात लागली. ड्रायव्हरकाकांनी चूल पेटवली, मी मागच्या लांब सीटवर गोधडी पसरली. अण्णा गाडीतल्या दिव्याखाली वेबिल, म्हणजे तिकिटांचा आणि पैशांचा हिशेबाचा कागद, लिहीत बसले.

लिहिता लिहिता थांबले. पैसे पुन्हा मोजले. मग ट्रेमधले गठ्ठे बघितले, परत वेबिल बघितलं. मला वाटलं पैसे कमी पडले. कमी पडले की ते स्वतःच्या खिशातून घालायचे, हे माहीत होतं. पण त्या दिवशी सात रुपये वीस पैसे जास्त होते. ड्युटीवर चढताना कंडक्टर स्वतःजवळचे पैसे वेबिलावर नोंदवतो, त्यामुळे जास्त निघाले तर ते त्याचे नसतात, मग कुणाचे हा प्रश्न उरतोच. भरणा करताना जास्तीचे म्हणून दाखवले असते तर कागदावर सगळं चोख झालं असतं. ड्रायव्हरकाका तेच म्हणाले.

अण्णा म्हणाले, "भरलं की एसटीचं झालं. ते एसटीचं न्हाय. दहाची नोट दिल्याली म्हातारी हाय ती, हिरव्या लुगड्याची. खालच्या वाडीची."

पन्नास-साठ माणसांच्या गाडीत त्यांना नोट, लुगडं आणि वाडी तिन्ही आठवत होतं. लोक निरीक्षण निरीक्षण म्हणतात, ते मी पहिल्यांदा तिथे बघितलं. त्यांनी त्या बाईकडे काही वेगळं निरखून बघितलं नव्हतं. तिचे पैसे आपल्याकडे आहेत म्हणून ती लक्षात राहिली होती, एवढंच.

खालची वाडी म्हणजे बांधाबांधाने अर्ध्या-पाऊण तासाची उतरण. भात कापलेलं, खाचरांत पेंढ्या पडलेल्या, दवाने पायवाट ओली. अण्णांच्या हातात बॅटरी, माझ्या पायात स्लिपर. मी दोनदा घसरले आणि वर जायचं म्हणून रडले. ते थांबले, माझी स्लिपर पुसून परत घातली, पण मागे वळले नाहीत. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. सात रुपयांसाठी स्वतःच्या पोरीला अंधारात चालवणारा बाप, असं काहीतरी मनात आलं असणार.

म्हातारी ओट्यावरच बसली होती. आम्हाला बघून उठली.

"आवं मास्तर, एवढ्या अंधाराचं कशाला आलासा? मी तिकीट ठेवलंय की. सकाळच्या गाडीला मागणार हुते."

खरंच ठेवलं होतं. आत देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. ती ते घेऊन आली, चार घड्या घातलेलं. म्हणजे आमचं जाणं फुकट गेलं होतं असंही म्हणता येईल. पण सकाळी उठून ती वरपर्यंत चढून आली असती, तिचं गाडीत काही काम नव्हतं. ती फक्त सात रुपये वीस पैशांसाठी तेवढा चढ चढली असती.

अण्णांनी तिच्या तळहातावर बॅटरी धरली आणि एकेक करून पैसे ठेवले. पाचची नोट, दोनची नोट आणि ते सहा कोनांचं वीस पैशांचं हलकं नाणं. तिला मोजायला लावलं. ती "ऱ्हाऊ द्या वो" म्हणत होती, तरी मोजायला लावलं. मग तिच्या हातातलं तिकीट घेतलं, गुडघ्यावर ठेवलं, पेनाने गोलातला आकडा आडवी रेघ मारून खोडला आणि तिकीट तिला परत दिलं. मला आजही ती रेघ दिसते. पैसे देऊन झाले होते, तिकिटाची कुणालाच गरज नव्हती. तरी खोडल्याशिवाय ते उठले नाहीत.

तिने मला मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या. वर येताना अण्णांनी मला खांद्यावर घेतलं. बोलले काही नाहीत. उपदेश करायची त्यांना सवय नव्हती, म्हणूनच बहुतेक हे लक्षात राहिलं.

आता दुसरी बाजू. माझं सासरचं दुकान आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स, प्रकल्पाचं सामान, शेजारी हायस्कूल आणि कॉलेज. लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर थोरले दीर असायचे. एक-दोन रुपये परत द्यायचे असले की भाऊजी बरणीतून गोळी काढून पोराच्या हातावर ठेवायचे. पोरं खूश, भाऊजी खूश. महिन्याला एक अख्खी बरणी अशी खपायची. मी एकदा म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "एक रुपयाने कुणाचं घर बुडालं नाही."

मी विचारलं, "उद्या त्याच पोराने आठ गोळ्या आणून वही मागितली, तर द्याल?"

यावर ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. पण उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. गोळी देणं म्हणजे पैसे परत करणं नव्हे. समोरच्याला नको असलेली वस्तू त्याला न विचारता विकणं आहे. ज्यांना मी फार कडक बोलतेय असं वाटतं त्यांनी अशा किती गोळ्या दिल्या जातात ते एखाद्या दुकानात तासभर उभं राहून मोजावं.

भाऊजींचं दुसरं म्हणणं, सुट्टे मिळतच नाहीत. अर्धं खरं आहे. चार आणे तर ३० जून २०११ पासून बंदच झाले. पण दहाचं नाणं? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की चौदाही नमुन्यांची दहाची नाणी चालतात, तरी आमच्या भागात लोक ती हातात घेत नव्हते. मी घ्यायचे. गल्ल्यात नाण्यांचा डबा भरलेला असायचा आणि तरीही शेजारचे दुकानदार म्हणायचे सुट्टे नाहीत. सुट्टे ठेवायचे की नाही हे माणूस आधी ठरवतो, टंचाई नंतर येते.

मग मी एक वही घातली. उधारीची वही प्रत्येक दुकानात असते, म्हणजे लोकांकडून आपल्याला यायचं ते. माझी वही उलटी. आपण लोकांचं देणं लागतो ते. सुट्टे नसले की त्यात लिहायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, दिलं की आडवी रेघ. नावं माहीत नसतात, म्हणून खूण लिहायची. "निळी सायकल, चष्मा, ४ रु." "हॉस्टेलची मुलगी, लांब वेणी, २ रु." भाऊजींनी ती वही चारचौघांत वाचून दाखवली होती. पाहुण्यांसमोर म्हणाले होते, कंडक्टरची पोरगी आहे, चिल्लरच मोजणार. माझे अण्णा तेव्हा हयात होते आणि त्याच बैठकीत बसलेले होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. आज इथे लिहितेय ते त्या दिवशी म्हणायला हवं होतं: हो, कंडक्टरचीच पोरगी आहे.

पुढे दुकान वाटलं गेलं. सगळं चिल्लरवरून झालं असं नाही, पण खोटं का बोलू, सुरुवात तिथूनच झाली.

नजर कशी तयार करावी, हे प्रश्नात विचारलंय. त्याचं माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. एक जागा धरा. बसस्टॉप, किराणा दुकान, दवाखान्याचा कट्टा, कुठलीही. आठवडाभर तिथेच बघा. काय दिसलं तेवढंच लिहा, त्यातून काय शिकलो ते लिहू नका. शिकवण लिहायची घाई झाली की डोळे बघायचे थांबतात आणि मन निबंध लिहायला लागतं. म्हातारीने तिकिटाला चार घड्या घातल्या होत्या, हे मला तेहतीस-चौतीस वर्षांनी कामाला आलं. त्याच रात्री मी "प्रामाणिकपणा" असं लिहून मोकळी झाले असते तर घड्या विसरले असते.

आणि बघून काही शिकलात असं म्हणायचं असेल तर त्यापायी पदरचं काहीतरी गेलेलं असलं पाहिजे. थोडा वेळ, थोडे पैसे, नाहीतर एखाद्या नातेवाइकाची मर्जी. नुसतं बघून छान वाटलं असेल तर ती करमणूक झाली. वाईट नाही, पण तिला धडा म्हणू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळे कंडक्टर अण्णांसारखे नव्हते आणि सगळे उलटेही नव्हते. गर्दीत, घाटात, उभ्याने, दहा जण एकदम नोटा पुढे करत असताना एखाद्याचे दोन रुपये राहिले तर तो चोर ठरत नाही. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढल्यावर सुट्ट्यांवरून पुन्हा भांडणं व्हायला लागली. कंडक्टरवर ओरडण्याआधी आपल्या खिशात सुट्टे आहेत का ते बघावं. आता मशीनवर मोबाइलने पैसे देता येतात, जमेल त्यांनी तसे द्यावेत. माझ्या वहीतही आता आठवड्याला दोन-तीनच ओळी पडतात.

आणि अण्णांबद्दल एक. धाकट्या आत्याच्या लग्नात त्यांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. दोन वर्षांत सोडवतो म्हणाले होते. सोडवल्या नाहीत. पगार, आमची शिक्षणं, आजोबांचं आजारपण, कारणं सगळी खरी होती. पण आई म्हणायची, परक्या बाईचे सात रुपये द्यायला डोंगर उतरलात. पुढचं वाक्य ती बोलायची नाही. अण्णा खाली मान घालायचे. मी त्यांची बाजू कायम घेतली, आईची फारच उशिरा कळली. घरातल्या माणसाचं देणं कुठल्याच तिकिटाच्या पाठीवर लिहिलेलं नसतं, म्हणून ते राहून जातं की घरातलं माणूस मागणार नाही याची खात्री असते म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी आता घरच्यांची देणी लिहिते. यांच्याकडून मागच्या वर्षी घेतलेले तीन हजार, मुलीला कबूल केलेली सहल, सासूबाईंच्या चष्म्याचं काम.

वही भरली की न खोडलेल्या ओळी नव्या वहीत उतरवून घेते. काल नवी वही घातली. सात ओळी उतरवल्या. सगळ्यात जुनी २०१९ च्या पावसाळ्यातली: "आजोबा, पांढरी टोपी, एका हातात छत्री, नातवासाठी कंपासपेटी, १० रु."