आइसलँडच्या सागांमधील सूड आणि करणी

आपण विचारले आहे की, मध्ययुगीन आइसलँडच्या सागांमधील (तिथल्या जुन्या गद्य कथांमधील) माणसे कुऱ्हाड चालवण्यात एवढी तरबेज असताना सूडासाठी जादूटोण्याकडे का वळतात. माझ्या वाचनाप्रमाणे, जिथे शस्त्र पोहोचत नाही तिथेच करणी केली जाते, आणि ती करवणाऱ्याची पत मात्र जाते.

'गिस्लीची सागा' मध्ये मारल्या गेलेल्या थोरग्रिमचा भाऊ एका मांत्रिकाला नऊ वर्षांचा बैल देऊन विधी करवतो. खुन्याला देशात कोणाचाही आसरा लाभू नये, असा तो शाप असतो. मांत्रिक किनाऱ्याजवळच्या बेटांचा उल्लेख करायला विसरतो आणि खुनी गिस्लीला नेमका एका बेटावर काही काळ आधार मिळतो. शापातही कायद्याच्या कलमासारखी पळवाट राहते, हे मला फार आइसलँडी वाटते.

'ग्रेटिरची सागा' मध्ये करणी थेट बेटावर पोहोचते. बहिष्कृत ग्रेटिर द्रांगेय बेटाच्या उभ्या कड्यांवर राहतो. शिडी वर ओढली की शत्रूंचे काही चालत नाही. त्यांचा म्होरक्या थोर्ब्योर्न याला लहानपणी सांभाळणारी म्हातारी थुरिदुर एका झाडाच्या बुंध्यावर रून (प्राचीन नॉर्डिक लिपीची) अक्षरे कोरते, ती स्वतःच्या रक्ताने माखते, उलट्या पावली आणि सूर्याच्या उलट दिशेने त्याला फेरी घालते व तो समुद्रात सोडायला लावते. ग्रेटिर त्यातले अरिष्ट ओळखून तो ओंडका दोनदा परत लोटतो. तिसऱ्या वेळी नोकर तो सरपणासाठी वर आणतो. ग्रेटिर नीट न पाहता घाव घालतो, कुऱ्हाड घसरून त्याच्याच पायात, गुडघ्याच्या वर बसते आणि जखम चिघळते. अर्धमेल्या ग्रेटिरला थोर्ब्योर्न ठार करतो आणि त्याच्याच आखूड तलवारीने त्याचे डोके तोडतो, तेव्हा तिच्या धारेला खाच पडते.

आइसलँडने सन 1000च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्याने आल्थिंग या देशाच्या सभेत जादूटोण्याने केलेले हे कृत्य खपत नाही. ग्रेटिरच्या डोक्यावर लावलेले बक्षीस तर बाजूलाच राहते, थोर्ब्योर्नला देश सोडावा लागतो. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो ती खाच सर्वांना फुशारकीने दाखवतो. तलवार हातोहात फिरत ग्रेटिरच्या सावत्र भावाकडे येते आणि तो त्याच तलवारीने थोर्ब्योर्नला तिथल्या तिथे मारतो.