४८ टक्के, पण किती महिन्यांच्या शाळेत?

भाऊ,

तुम्ही ऊसतोडीला जाणारे, बीड जिल्ह्यातून लिहिलंय की मुलीला नववीत ४८ टक्के पडले, ती 'डोक्यानं बेताची' आहे, म्हणून शिवणकामासारखा एखादा छोटा कोर्स सुचवा. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, लिहिलंय की एक स्थळ आलंय, दिवाळीनंतर दोघांचा कोयता होईल, म्हणजे नवराबायको जोडीनं ऊसतोडीला जातील.

कोर्सचं नंतर बघू. मला काळजी लागली ती या शेवटच्या ओळीची. मुलगी १५ वर्षांची आहे. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि तो आईवडिलांवरही दाखल होतो. पण नुसती कायद्याची भीती घालून मी थांबणार नाही, कारण तुमची अडचण खरी आहे. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो ती जोडप्याला. वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची तर जिवाला घोर, उसाच्या फडावर न्यायची तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दारसुद्धा नाही. अशा वेळी लग्न लावून मोकळं व्हावंसं वाटतं. मोकळे तुम्ही व्हाल. तिच्या वाट्याला कोवळ्या वयातलं बाळंतपण येईल आणि मुकादमाच्या वहीत तिचं नाव चढेल. उचल फिटत नाही म्हणून दरवर्षी घर सोडावं लागतं, हे तुम्हीच लिहिलंय. तेच तिच्या नशिबी का?

आता त्या ४८ टक्क्यांबद्दल. तुमच्याच पत्रानुसार ती पाचवीपासून दर दिवाळीला तुमच्याबरोबर निघते आणि मार्चअखेर परत येऊन थेट परीक्षेला बसते. म्हणजे वर्षाला जेमतेम पाच महिने शाळा. बाकी काळ धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) बांधणं. वर्गात बीजगणित शिकवत होते तेव्हा ती फडात होती, आणि गणितात मागचा धडा सुटला की पुढचा कळत नाही. फी नाही म्हणून शिक्षण फुकट, असं लोक म्हणतात. गरीब घर त्याची किंमत हजेरीपटावर मोजतं. अर्ध्या शाळेत ४८ टक्के काढणाऱ्या मुलीला बेताची म्हणू नका. तिच्यासमोर तर अजिबात नको.

या दिवाळीला तिला नेऊ नका. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हंगामात असते. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच आहे, त्यामुळे शाळा सुटली तर तिला शोधत कुणी येईल या भरवशावर राहू नका. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या आणि बीडच्या समाज कल्याण कार्यालयात अर्ज करा. हे सगळं उचल घेण्याआधी. उचल घेतल्यावर तुमचं काही चालणार नाही. जागा नाही म्हणाले तर तसं लेखी मागा, आणि तोवर आजी, मावशी, जी विश्वासाची असेल तिच्याकडे ठेवा.

दहावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन, बारावीनंतर नर्सिंग, सगळं खुलं आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना २०२४-२५ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मात्र कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा.

शिवणकाम तिला मनापासून आवडत असेल तर तेही चांगलंच. पण तिला विचारलंय का? दोन पानी पत्रात तिचं म्हणणं एका ओळीतही नाही. वसतिगृहाचा अर्ज भरून झाला की पुढचं पत्र तिला लिहू द्या.