गोवर येऊन गेलेला बरा की लस बरी?

प्रश्न : मुलीचा गोवराच्या लशीचा दुसरा डोस राहून गेलाय. सासूबाई म्हणतात, ‘आम्हा सगळ्यांना गोवर येऊन गेला, पुन्हा जन्मात आला नाही. लशीला ती सर नाही.’ त्यांचं खरं आहे का?

उत्तर : निम्मं खरं आहे. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. वस्ती आठ हजारांच्या आत, त्यात सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने चौकशी केली, तेव्हा दिसलं की १७८१च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच तो पुन्हा झाला नव्हता. तब्बल ६५ वर्षांनी!

पण सासूबाईंना आठवतात ते त्यातून बरे झालेले. गोवराने न्यूमोनिया होतो, हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. शिवाय हा विषाणू जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. २०१९मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवरापासून कायमची सुटका, पण बाकीच्या आजारांना दार उघडं. लशीत तोच विषाणू अशक्त करून घातलेला असतो. शरीर त्याला ओळखायला शिकतं, पण ही नासधूस होत नाही.

आणि आजार होऊन गेला की संरक्षण मिळतंच, असंही नाही. धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही मी लस द्यायला सांगते, तेव्हा नातेवाईक चक्रावतात. त्याचं विष इतकं जहाल, की जीव घेण्याइतकी मात्रासुद्धा प्रतिकारशक्ती जागी करायला पुरत नाही. लशीत तेच विष निरुपद्रवी करून भरपूर देता येतं.

आता तुमच्या दुसऱ्या डोसचं. पहिल्या डोसने साधारण ९३ टक्के मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्यांत आपलं मूल आहे का, हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी. त्याने आकडा ९७पर्यंत जातो. मध्ये अंतर पडलं म्हणून पहिला डोस वाया गेलेला नाही, सगळं पहिल्यापासून सुरू करायचीही गरज नाही. राहिलेला तेवढा देऊन टाका. किरकोळ सर्दी असली तरी चालतं.