आयुक्तांची खुर्ची आणि पोलीस लाइन

(मुंबई पोलीस दलातून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. तिला आयपीएस व्हायचंय आणि पुढे मुंबईची पोलीस आयुक्त. तिच्या डोक्यात सगळं सिनेमातलं आहे. एखाद्या खऱ्या आयुक्तांची कारकीर्द सांगाल का? आणि मुलीला ही वाट कितपत मोकळी आहे?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, तिला ज्युलिओ रिबेरो यांच्याबद्दल सांगा. मी फौजदार म्हणून नोकरीला लागलो तेव्हा ते आयुक्त होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात आखडत नाही.

जन्म मुंबईतला, १९२९ चा. घराणं मूळचं गोव्याचं. १९५३ साली ते आयपीएसमध्ये आले. तेव्हा प्रशिक्षण हैदराबादला नव्हे, माउंट अबूला होत असे. मुंबईच्या आयुक्तपदी ते बसले १९८२ च्या फेब्रुवारीत. मधली वर्षं मुलीला मोजायला सांगा. एकोणतीस! तालुक्याच्या उपविभागापासून सुरुवात, मग जिल्हा, मग शहरात उपायुक्त, अशा एकेक पायऱ्या. परीक्षा पास झालं की खुर्ची मिळते असं तिला वाटत असेल, तर हा आकडा तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावा.

ते आले तेव्हा शहर आधीच पेटायच्या बेतात होतं. १८ जानेवारीपासून गिरणी संप सुरू झाला होता. दत्ता सामंतांच्या सभांचा बंदोबस्त, गिरणीच्या गेटवर कामावर जाऊ पाहणारे आणि अडवणारे समोरासमोर, आणि मधे आम्ही. लालबाग-परळच्या ठाण्यांत हवालदारांची अडचण वेगळीच होती. ज्यांच्यावर काठी उगारायची, त्यांतला एखादा त्यांचाच चुलतभाऊ निघायचा. बहुतेक शिपाई सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे, गिरणी कामगारही तिकडचेच.

आणि मग ऑगस्ट. पोलिसांची स्वतःची संघटना होती. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ तारखेला पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली आणि वरळी, नायगावच्या पोलीस वसाहतींतून माणसं रस्त्यावर आली. गाड्या अडवल्या, दगडफेक झाली, त्यात लुटालूटही झाली. शेवटी सीमा सुरक्षा दल आणि लष्कर बोलवावं लागलं. शहराच्या पोलीस प्रमुखाला स्वतःच्याच पोलिसांविरुद्ध लष्कराची मदत घ्यावी लागणं, याहून अवघड दिवस कुठल्या आयुक्ताच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही.

संघटनेची मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली. वर्दीतला माणूस दुकान फोडतो तेव्हा त्याला घरी पाठवणं भागच आहे, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. पण ज्या खोल्यांतून ती माणसं बाहेर पडली, त्या मी आतून पाहिल्या होत्या. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची एक खोली. त्यात नवरा-बायको, तीन पोरं, गावाहून आलेली म्हातारी. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्या खोल्यांना मिळून. रात्रपाळी करून आलेला शिपाई झोपणार कुठे? पोरं शाळेत गेल्यावर, स्टोव्हच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून. आठवड्याची सुट्टी कागदावर. शिक्षा झाली, शिस्त परत आली. ही खोली मात्र तशीच राहिली. रिबेरोंबद्दल मनापासून आदर ठेवूनही मी हे लिहितो, कारण प्रमुखाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हाही रकाना धरावाच लागतो.

त्यांच्याच काळात तस्करीतला दादा वरदराजन मुदलियार ऊर्फ वरदा याच्या साम्राज्याला धक्के बसले. ती कारवाई अंगावर घेतली उपायुक्त वाय. सी. पवार यांनी. वरदाला शेवटी मद्रासला जावं लागलं. आयुक्ताचं काम इथे कोणतं? स्वतः पिस्तूल घेऊन धारावीत शिरणं नव्हे. आपला उपायुक्त कोणाच्या शेपटीवर पाय देतोय हे माहीत असताना त्याची बदली होऊ न देणं. सिनेमात हे दाखवत नाहीत, कारण यात दाखवण्यासारखं काही नाही. एक फोन येतो, आयुक्त ऐकून घेतो आणि नाही म्हणतो.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडीची दंगल मुंबईत पसरली. पुढच्या वर्षी ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालक झाले, मग गुजरातचे आणि १९८६ मध्ये पंजाबचे पोलीस प्रमुख. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जालंधरच्या पोलीस मुख्यालयात पोलिसांच्या वेशात शिरलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते आणि त्यांच्या पत्नी दोघंही जखमी झाले. १९८७ ला पद्मभूषण. नंतर रुमानियात राजदूत असताना, १९९१ मध्ये, बुखारेस्टमध्ये त्यांच्यावर पुन्हा गोळीबार झाला.

मला मात्र त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं वाटतं. वर्दी उतरलेली, अधिकार शून्य. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. अशा शहरात ते परत आले आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्याबरोबर मोहल्ला कमिट्यांच्या कामाला लागले. कल्पनेला आधार भिवंडीचा होता. तिथे उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून गल्लोगल्ली हिंदू-मुसलमानांना आणि पोलिसांना एका सतरंजीवर बसवलं होतं. १९८४ ला जळालेली भिवंडी १९९२ ला शांत राहिली. मुंबईत पोरांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने झाले. ज्या वस्तीत आम्ही हेल्मेट घालून शिरत होतो, तिथे चहा घ्यायला बसू लागलो. पहिल्या काही बैठकांना आम्हा अधिकाऱ्यांना फक्त शिव्या खाव्या लागल्या, आणि त्या खाणं गरजेचं होतं. लोकांच्या मनात काय साचलंय हे आमच्या गोपनीय अहवालांत कधीच नीट उतरलं नव्हतं.

मुलीच्या वाटेबद्दल विचारलंत. मीरां चढ्ढा-बोरवणकर २०१० मध्ये पुण्याच्या आयुक्त झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. पुढे रश्मी शुक्लाही पुण्याच्या आयुक्त होत्या आणि २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. वाट पडलेली आहे. एक मात्र तिला स्पष्ट सांगा: आयुक्त व्हायचं तर यूपीएससी. माझ्यासारखा एमपीएससीतून आलेला फौजदार कितीही घासला तरी सहायक आयुक्त, फार तर उपायुक्त होऊन घरी जातो.

प्रश्न : आमच्या साताऱ्याला पोलीस अधीक्षक आणि पुण्याला आयुक्त. फरक फक्त पाटीचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाटीचा नाही, सहीचा. साताऱ्यात एखाद्या गुंडाला तडीपार करायचं तर पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि सुनावणी प्रांताधिकाऱ्यांसमोर होते. पुण्यात तो आदेश पोलीस उपायुक्तच काढतो. जमावबंदीचं, कलम ३७ चं, तसंच. तुमच्याकडे जिल्हाधिकारी, पुण्यात आयुक्त. शस्त्रपरवाना घ्यायलाही तिकडे आयुक्तालयातच जावं लागतं. या सगळ्याचा मूळ कायदा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. मुंबईची आयुक्तालय पद्धत इंग्रजांच्या वेळची; पुणे आणि नागपूरला ती १९६५ मध्ये आली, पिंपरी-चिंचवडला अगदी अलीकडे, २०१८ ला.

मोठ्या शहरात निर्णय तासाभरात हवा असतो म्हणून ही सोय. पण पकडणारा आणि तडीपारीचा निकाल देणारा एकाच खात्यातला असतो, हे विसरू नका. म्हणून अशा आदेशावर अपिलाचा हक्क आहे आणि तो वापरलाच पाहिजे. मी पोलीस असूनही हे सांगतो.

प्रश्न : माझे मिस्टर मुंबईत पोलीस शिपाई आहेत. सण आला की बारा-बारा, चौदा-चौदा तास. आयुक्त बदलतात, आमचं काय बदलतं? सासूबाई म्हणतात, बोलून उपयोग नाही.
– एक पोलीस पत्नी, कुर्ला

उत्तर : ताई, सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पण एक गोष्ट तुमच्या शेजारच्याच ठाण्यात घडली आहे. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्यांचं वेळापत्रक स्वतः बसून तयार केलं. आहे त्याच संख्याबळात कोण कधी येईल, कोण कधी सुटेल, सगळं मांडलं. ते आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी त्या शिपायाला बोलावून घेतलं, योजना समजून घेतली आणि मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. नंतर तो शहरभर नेला.

आयुक्ताच्या दालनात शिपाई कसा जातो, हे तुम्ही मिस्टरांना विचारा. बूट चकचकीत, पट्ट्याचं बक्कल पुन्हा पुसलेलं, बाहेर अर्धा तास उभा आणि आत दोन मिनिटं. त्या माणसाला खुर्ची देऊन ‘समजावून सांग’ म्हणणं ही आमच्या खात्यात साधी गोष्ट नव्हती. १९८२ ला जे रस्त्यावर येऊन मिळालं नाही, त्यातलं थोडं या एका कागदाने मिळालं.

पुढे मनुष्यबळ कमी पडलं, कोरोना आला आणि अनेक ठाण्यांत पाळ्या पुन्हा लांबल्या, हेही खरं. २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. पुरुष शिपायांचा प्रश्न अजून ठाण्याच्या सीनियर पीआयच्या मर्जीवर लोंबकळतो, आणि याचा मला आजही राग येतो.

तुम्ही काय करायचं? मिस्टरांना ओआरसाठी, म्हणजे ऑर्डर्ली रूमसाठी, अर्ज द्यायला सांगा. वरिष्ठांसमोर उभं राहून गाऱ्हाणं मांडायची ती रीतसर सोय आहे, उपकार नव्हे. अर्जात कोणा अधिकाऱ्याबद्दल तक्रारीचा सूर नको. गेल्या महिन्यातल्या ड्यूटीच्या तारखा, हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ, न मिळालेल्या साप्ताहिक सुट्ट्या, एवढंच लिहा. वेळा स्टेशन डायरीशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर अर्ज तिथेच पडतो. आवक क्रमांक घालून घ्या, एक प्रत घरी ठेवा. ठाण्यातच अर्ज अडकला तर उपायुक्तांच्या कार्यालयात द्या, त्यावर पहिला आवक क्रमांक लिहून.