गाढव वहीत नव्हतं

‘‘स्वतःला माफ केलं तर मी ढिला पडेन, मॅडम.’’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की समोरचं माणूस ‘माफ’ म्हणेपर्यंत पुढचं मला पाठ असतं. बहुतेक चाळिशीपुढचे, कामाला चोख आणि पहाटे तीनला टक्क जागे. त्यांच्यासाठी विलासरावांची गोष्ट सांगते. नाव, तपशील बदललेत. परवानगी घेतली आहे.

भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये ते सुपरवायझर. वडिलांनी विश्वासाने सोपवलेली एफडी मोडून शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये घातली, सात लाख गेले. वर्ष उलटलं तरी घरात कुणाला पत्ता नव्हता.

माझं शिक्षण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतलं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली, आणि मी अजून तिचीच. ‘माझी चूक होताच कामा नये’ हा हट्ट सोडायचा. चूक वाईटच, पण तेवढ्याने अख्खा माणूस टाकाऊ ठरत नाही, इथवर यायचं. विलासराव तीन भेटींत शिकले. वहीत सुबक अक्षरात लिहून आणायचे. झोप मात्र येईना.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, ‘‘वहीतलं हे वाक्य डोक्यात ज्या आवाजात येतं, तसंच म्हणून दाखवा.’’

त्यांनी दात आवळले. ‘‘चूक माणसाकडूनच होते! कळतंय का, गाढवा?’’

‘गाढवा’ वहीत नव्हतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना रुग्णांत हेच दिसलं होतं. पटलेला विचारसुद्धा मनात हिडीसफिडीस करतच उमटतो. त्यातूनच त्यांनी करुणेवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली. हे मी वाचलेलं होतं बरं का! तरी तीन भेटी शब्द तपासत बसले, सूर ऐकलाच नाही.

‘‘हाताखालच्या पोराकडून मशीनवरचा भाग बिघडला, जॉब रिजेक्ट झाला तर काय म्हणता?’’

‘‘म्हणतो, मशीन बंद कर, चहा पिऊन ये. मग दोघं बघू, माप कुठं गेलं ते.’’

‘‘शिव्या नाही घालत?’’

‘‘शिव्या घातल्या की पोरं जॉब लपवतात, मॅडम. भंगारात सरकवून देतात.’’

बोलता बोलता ते थांबले. खिशातला मोबाइल काढून टेबलावर पालथा ठेवला. ‘‘वर्षभर ते शेअरचं ॲप उघडलंच नाही मी.’’

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

तुम्हीही स्वतःची समजूत घालता तेव्हा ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. धाकट्या भावाशी या आवाजात बोलाल का? बोलणार नसाल, तर वाक्य तेच राहू द्या. श्वास सोडत, सावकाश म्हणा. सुरुवातीला नाटकी वाटतं, वाटू द्या. ढिलं पडायची भीती असेल, तर इतकंच पाहा की स्वतःला झोडपत असताना कोणता कागद, कोणता फोन, कोणतं माणूस तुम्ही टाळताय. माझ्या अनुभवात, झोडपणं थांबल्यावरच तो कागद हातात घेतला जातो. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर हे घरी एकट्याने करत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

सातव्या भेटीला विलासराव बायकोला घेऊन आले. बरोबर स्टेटमेंटची प्रिंट होती. सात नव्हे, सात लाख चाळीस हजार. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मांडलं होतं, वडिलांना दरमहा किती द्यायचे ते. वडील अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. पहिला हप्ता मात्र त्यांनी मोजून घेतला.