डिझेलची टाकी, गाड्यांची मोजणी आणि ३० जून

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

शांतिसेनेच्या मिशनमध्ये निवासी लेखापरीक्षक म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. महालेखाकार कार्यालयात व्हाउचरांचे गठ्ठे उपसलेल्या माणसाला हे काम अगदीच परकं वाटणार नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक १९९३ ते १९९९ आणि पुन्हा २०१४ ते २०२० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षक मंडळाचे सदस्य होते. पण मंडळ बाहेरून येतं, वार्षिक लेख्यांवर मत देतं आणि परततं. तू ज्या अंतर्गत देखरेख कार्यालयात, म्हणजे १९९४ साली स्थापन झालेल्या ओआयओएसमध्ये जातो आहेस, त्याचा लेखापरीक्षक मिशनमध्येच राहतो. त्यामुळे कुठल्याही सकाळी, आगाऊ न कळवता, तुला डिझेलच्या टाकीपाशी जाऊन उभं राहता येईल. ही सवलत वाया घालवू नकोस.

'उमोजा' या संयुक्त राष्ट्रांच्या संगणकीय हिशेब प्रणालीत खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल ही तिन्ही जुळली की पैसे सुटतात. ती जुळली याचा अर्थ एवढाच की तिन्ही ठिकाणी एकच आकडा भरला गेला. माल आला का, किती आला, हे तिथून कळत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात जिथे पैशाची वस्तू होते तिथून कर.

इंधनापासूनच कर. टँकर आला की सीलचे क्रमांक डिलिव्हरी चलनाशी ताड. डिझेल थोडं स्थिरावू दे, मग डिप रॉड, म्हणजे इंधनाची उंची मोजायची खुणांची काठी, टाक. रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावायला सांग. रंग बदलला तर तेवढी उंची पाण्याची. तापमान आणि घनता आपल्या डोळ्यांदेखत मोजून घे. डिझेल एका अंशामागे साधारण ०.०८ टक्के फुगतं. २० हजार लिटरच्या टँकरमध्ये १५ अंशांचा फरक असेल, तर भर दुपारी सुमारे २४० लिटर जास्त दिसतात आणि पहाटे तेच 'गायब' होतात. करारात माप १५ अंश सेल्सिअसला आणून पैसे द्यायचे असतील, तर ती दुरुस्ती खरोखर केली जाते का, हे आधी बघ. नाही तर पुरवठादाराला हवेचे पैसे मिळतात आणि तूट मात्र टाकी सांभाळणाऱ्या गरीब माणसावर ढकलली जाते.

मग वाटप. १०० केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला १८ ते २० लिटर पितो, म्हणजे दिवसरात्र चालला तर साधारण ४३० ते ४८० लिटर. एखाद्या छावणीत दोन संच आहेत, एक राखीव आहे आणि रोजची उचल ९०० लिटर आहे, तर तासमीटरपाशी, म्हणजे जनरेटर किती तास चालला ते मोजणाऱ्या मीटरपाशी, जा. लॉगबुकात सलग पंधरा दिवस ४८०, ४८०, ४८० असंच लिहिलेलं असेल तर तो मीटर कुणी वाचलेला नाही, किंवा तो बंदच आहे. गाड्यांच्या नोंदीतही असंच: ज्या गाडीची टाकी ८० लिटरची, तिला एका वेळी ९५ लिटर दिल्याची पावती सापडली की जास्तीचे १५ लिटर कशात भरले, एवढंच विचार.

तरी 'चोरी' हा शब्द लगेच लिहू नकोस. पुष्कळदा कारण वेगळंच निघतं: छावणी निम्मी रिकामी झाली, जनरेटर मात्र जुनेच राहिले. मोठा संच जेमतेम २० टक्के भारावर चालत राहिला की दर युनिटमागे डिझेल जास्त जळतं आणि इंजिनही खराब होतं. मग आक्षेप पहारेकऱ्यावर नसतो. भाराचा आढावा न घेणाऱ्या अभियांत्रिकी विभागावर असतो. उपायही पहारा वाढवण्याचा नाही, लहान संच बसवण्याचा.

दुसरी मोठी जागा म्हणजे सैन्य पाठवणाऱ्या देशांची सामग्री, तिथल्या बोलीत सीओई. 'वेट लीज'मध्ये देखभाल आणि सुटे भाग त्या देशाचे, 'ड्राय लीज'मध्ये मिशनचे. आगमन, तिमाही पडताळणी, सज्जता आणि परतपाठवणी अशा तपासण्या होतात आणि त्या देशाला संयुक्त राष्ट्रांकडून मिळणारं भाडं त्यांच्या अहवालावर ठरतं. प्रत्येक वाहनगटातली ९० टक्के वाहनं चालू असली तर भाडं पूर्ण मिळतं. करारात २० ट्रक असतील आणि तीन बंद असतील, तर प्रमाण ८५ टक्के झालं. म्हणून तपासणीच्या दिवशी एका ट्रकची बॅटरी दुसऱ्यात बसवून दोन्ही चालू दाखवले जातात. ट्रक एकापाठोपाठ एक सुरू करायला लावू नकोस, सगळे एकाच वेळी सुरू करायला सांग. आणि रंगवलेल्या क्रमांकावर विसंबू नकोस, चॅसिस क्रमांक उतरवून घे.

हे आकडे हलके नाहीत. २०२२ साली महासभेने दर सैनिकामागे महिन्याला १,४४८ डॉलर परतावा ठरवला. सामग्री गैरहजर किंवा नादुरुस्त राहिली तर या सैनिकांच्या परताव्यातूनही कपात होते. तुझ्या एका चुकीच्या रकान्याने एखाद्या गरीब देशाचे पैसे अडतात. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच कसोशीने तपास. सुटे भाग मिशनच्या हद्दीतल्या बंदरावर सीमाशुल्काच्या परवानगीअभावी अडकले असतील, तर तो दोष तुकडीचा नाही. सहा महिन्यांनंतरही मिशनने पक्की घरं दिली नसतील, तर तुकडीला तंबू आणि निवास असे दोन्ही दर मिळायला हवेत. हे पैसे दिले गेले नाहीत, हाही आक्षेपच. तो लिहायला बरेच जण विसरतात.

खरेदीविषयी थोडक्यात. एकाच आठवड्यात, एकाच पुरवठादाराला, वरच्या मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली राहणारे तीन आदेश दिसले की ते एकत्र मांडून बेरीज दाखव. स्थानिक कंत्राट समितीकडे काम झाल्यानंतर आलेल्या प्रकरणांची वेगळी यादी कर. 'तातडीची गरज' हे कारण दरवर्षी त्याच महिन्यात येत असेल, तर तातडी कसली? नियोजनच नव्हतं.

मिशनचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जूनच्या अखेरीस निधी वाया जाऊ नये म्हणून घाईघाईने दायित्वं, म्हणजे पुढे द्यायच्या रकमा, नोंदली जातात. ही दायित्वं पुढे बारा महिने वैध राहतात. सैन्य पाठवणाऱ्या सरकारांची असतील तर त्यापुढे आणखी चार वर्षं. जूनच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या नोंदी काढ आणि प्रत्येकीमागे करार आहे की नुसता अंदाज, ते पाहा. वर्षभराने किती रद्द झाल्या, त्यावरून विभागाची सवय कळते.

मिशन बंद होतं तेव्हा लेखापरीक्षकाची खरी कसोटी लागते. मालीमधल्या मिनुस्मा या शांतिसेना मिशनचा कार्यादेश ३० जून २०२३ रोजी संपवण्यात आला आणि एवढं मोठं मिशन गुंडाळायला वर्षअखेरपर्यंतचे सहा महिने मिळाले. उत्तर मालीतल्या किडालमधून मिशनचा ताफा ३१ ऑक्टोबरला निघाला तेव्हा नेता न येणारी सामग्री नष्ट करावी लागली. सुदानच्या दारफूरमधला शांतिसेनेचा एल फाशरचा तळ सुदान सरकारच्या ताब्यात दिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये लुटला गेला. अशा वेळी कागद नंतर तयार करता येत नाहीत. म्हणून मिशन चांगलं चालू असतानाच, दर तिमाहीत, मालमत्ता दोन्ही बाजूंनी मोज: यादीतल्या पन्नास वस्तू जागेवर शोध, आणि जागेवरच्या पन्नास वस्तू यादीत शोध. दुसरी मोजणी जास्त बोलते. यादीबाहेरचा कंटेनर सापडला की त्यात काय आहे, हे मिशनमधल्या कुणालाच सांगता येत नाही, आणि उद्या तो नाहीसा झाला तरी कुणाला कळणार नाही.

आक्षेप लिहिताना 'नियंत्रण कमकुवत आढळले' असं वाक्य नको. 'मार्चमध्ये तपासलेल्या बारा जनरेटरांपैकी सात तासमीटर बंद. त्या सातांना ३१ हजार लिटर डिझेल अंदाजाने दिले. मीटर दुरुस्तीची मागणी पाच महिने प्रलंबित' असं लिही. शिफारस मिशन सपोर्टच्या संचालकांकडे जाईल, तिच्यात काम, जबाबदार विभाग आणि तारीख असू दे. मसुदा पाठवण्याआधी वाहतूक, इंधन आणि तुकडीच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसवून आकडे वाचून दाखव; चूक असेल तर तिथेच निघेल.

निघण्याआधी सीओई मॅन्युअल या नियमपुस्तिकेतलं पडताळणीचं प्रकरण पूर्ण वाचून हो. सामानात टॉर्च, मोजपट्टी आणि जाड पुठ्ठ्याची वही ठेव. छावणीत लॅपटॉप चार्ज असेलच असं नाही.

तुझा,
एक जुना लेखापरीक्षक