‘डेअर’ आवडणाऱ्याने ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा रिमिक्स अल्बम ऐकावा का?

अवश्य ऐकावा, मात्र ‘डेअर’च्या जागी नव्हे. ‘द ह्यूमन लीग’ या ब्रिटिश पॉप बँडचा ‘डेअर’ हा अल्बम 1981 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी निर्माते मार्टिन रशेंट यांनी त्यातल्या गाण्यांची बहुतांशी वाद्यसंगीताच्या अंगाने पुनर्रचना करून ‘लव्ह अँड डान्सिंग’ ‘द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ या नावाने सादर केला.

माझ्या मनात या अल्बमविषयी कौतुक आणि हुरहुर दोन्ही आहेत. संगणकावर संकलन करण्याची सोय नसलेल्या त्या काळात रशेंट यांनी चुंबकीय फीत प्रत्यक्ष कापून आणि जोडून हे काम केले; एखादा ताल मध्येच तुटतो, त्याचा प्रतिध्वनी लांबत जातो आणि नेमक्या मात्रेवर बेस परत येतो, तेव्हा त्या हातांच्या कौशल्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. मूळ गाण्यांत आवाजामागे दबलेले सिंथेसायझरचे बारीक पदरही इथे स्वच्छ ऐकू येतात. हेडफोन लावून ऐकल्यास हे अधिक जाणवते.

‘डोन्ट यू वॉन्ट मी’ मात्र मला इथे अपुरे वाटते. त्या गाण्याचा सारा जीव बँडचा गायक फिल आणि गायिका सुझन यांच्या सवाल-जवाबात आहे. तो गर्विष्ठपणे उपकारांची आठवण करून देतो आणि ती शांतपणे आपली बाजू मांडते. हा संवाद काढून घेतल्यावर उरलेली चाल कितीही देखणी असली, तरी भांडणातली धग निघून जाते. म्हणून आधी ‘डेअर’ शब्दांसह मनात मुरू द्यावा आणि मगच याकडे वळावे.